जुन्या जपानी कूपेचा इनटेक बदलताना: ठाणे-नवी मुंबईतल्या नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

निसान ३००झेडएक्स, माझदा आरएक्स-७, टोयोटा सुप्रा किंवा एमआर२, मित्सुबिशी जीटीओ. १९९० च्या आसपासची यातली एखादी गाडी ताब्यात आली की पहिला खर्च बहुतेकांचा एअर फिल्टरवर होतो. कोन फिल्टर, चकचकीत पाइप, दोन क्लिपा आणि अर्ध्या दिवसाचं काम. आवाज बदलतो, म्हणून पिकअपही वाढल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये तीच गाडी आधीपेक्षा मंद चालते, आणि त्याचं कारण साध्या गणितात सापडतं.

दोन आकडे पाठ करून ठेवा. इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनाला हवा पोचवणाऱ्या मार्गात, शिरणारी हवा ३ अंशांनी तापली की साधारण १ टक्का विरळ होते. आणि फिल्टर-पाइपचा अडथळा पाण्याच्या नळीवर १० सेंटिमीटर दिसत असेल, तर तोही साधारण १ टक्काच हवा अडवतो. आता हिशेब करा. बाहेर ३५ अंश आहेत आणि बॉनेटखाली, रेडिएटरच्या मागे उघडा ठेवलेला कोन ६५ अंशांची हवा ओढतोय. म्हणजे फिल्टरच्या तोंडाशीच ९ टक्के हवा गेली. उलट कंपनीच्या बॉक्सचा अडथळा २५ सेंटिमीटर धरला आणि तो पूर्ण शून्यावर आणला, तरी मिळकत अडीच टक्क्यांची. म्हणून इनटेकचं काम हाती घेताना आधी थंड हवेची सोय बघायची, मग गळती, आणि अडथळ्याचा विचार शेवटी. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच क्रमाने लावल्या आहेत.

आधी मीटर ओळखा

इंजिनमध्ये किती हवा गेली हे ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) कळतं कसं, यावर तुम्ही काय बदलू शकता आणि काय नाही ते ठरतं. या पिढीच्या गाड्यांत चार प्रकार सापडतात.

हॉट वायर मीटर: ३००झेडएक्सच्या झेड३२ मॉडेलमध्ये आणि एसआर२०डीईटी इंजिनाच्या सिल्वियामध्ये हा असतो. तापलेली तार हवेने किती थंड होते यावरून वजन मोजलं जातं. इथे सगळ्यात महागडी चूक म्हणजे सेन्सर काढून दुसऱ्या व्यासाच्या पाइपात बसवणं. समजा ७० मिमीच्या नळीतला सेन्सर ७६ मिमीच्या पाइपात घातला. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं, त्यामुळे तेवढीच हवा तारेवरून हळू जाते आणि ईसीयूला ती सुमारे १५ टक्के कमी वाटते. पेट्रोलही तेवढंच कमी पडतं. आयडलिंगला ऑक्सिजन सेन्सर ते सावरून घेतो. पूर्ण अॅक्सिलरेटर दाबल्यावर तो खेळात नसतो आणि पिस्टन जळण्याची तयारी सुरू होते. मीटर नेहमी त्याच्या मूळ नळीसकट हलवा.

झेड३२ च्या मीटरचा आणखी एक स्वभाव आहे. कनेक्टरच्या आतले सोल्डरचे जोड वयाने तडकतात. इंजिन चालू ठेवून कनेक्टर हलकेच हलवला आणि आयडलिंग डगमगलं, तर नवा फिल्टर घेण्याआधी ते जोड पुन्हा सोल्डर करून घ्या.

झडपेचं मीटर: एफसी आरएक्स-७ च्या १९८६ ते ८८ च्या गाड्या आणि एसडब्ल्यू२० एमआर२ टर्बोच्या सुरुवातीच्या गाड्यांमध्ये स्प्रिंगवर चालणारी झडप असते. या मीटरचं काळं झाकण उघडून आतल्या दातेरी चाकाची स्प्रिंग सैल करण्याचा सल्ला तुम्हाला हमखास मिळेल. करू नका. मूळ जागा एकदा हरवली की ती परत लावायला फ्लो बेंच (हवेचा प्रवाह मोजणारं वर्कशॉपचं यंत्र) लागतो. अशा अनेक मीटरमध्ये पेट्रोल पंपाचा स्विचही झडपेलाच जोडलेला असतो. त्यामुळे मीटरच्या पुढे मोठी गळती झाली की झडप उघडतच नाही, गाडी स्टार्ट होऊन लगेच बंद पडते, आणि लोक पेट्रोल पंप बदलत बसतात.

कार्मन व्होर्टेक्स: मित्सुबिशी जीटीओमध्ये असतो. हवेतले भोवरे मोजतो, म्हणून त्याला सरळ आणि शांत प्रवाह लागतो. तोंडावरची मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी ‘अडथळा’ म्हणून कुणी काढून टाकली की आयडलिंग कायमचं बिघडतं.

मॅप सेन्सर: एफडी आरएक्स-७, जपानी बाजारातली २जेझेड-जीटीई सुप्रा आणि होंडाच्या बहुतेक गाड्या. यात पाइपात मीटरच नसतो, मॅनिफोल्डमधला (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या भागातला) दाब मोजला जातो. बदल करायला सगळ्यात सोपी गाडी हीच. फक्त हवेच्या तापमानाचा सेन्सर मूळ पाइपात असेल तर तो नव्या पाइपात न्यायला विसरू नका. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा: विनाटर्बो मॅप गाडीत थ्रॉटलच्या (अॅक्सिलरेटरने उघडणाऱ्या झडपेच्या) आधीची गळती कुठलीच तक्रार दाखवत नाही. गाडी मस्त चालते आणि धूळ मुकाट आत जात राहते.

सुप्रा घेताना बारकाईने बघा. निर्यातीच्या २जेझेड-जीटीईला एअरफ्लो मीटर आहे, जपानी गाडीला नाही. किट मागवताना नुसतं मॉडेलचं नाव पुरत नाही.

काढण्याआधी मोजा

या पायरीला दोन तास लागतात आणि बहुतेकजण ती टाळतात. मग बदलाने फायदा झाला की तोटा, हे कायम अंदाजावर राहतं.

तापमानासाठी के-टाइप थर्मोकपल, म्हणजे टोकाने तापमान मोजणारी तार, जोडता येईल असं साधं मल्टिमीटर पुरतं. असे थर्मोकपल दोन घ्या. एक फिल्टरनंतरच्या रबरी होजमध्ये, मीटरपासून दूर, आणि दुसरं पुढच्या बंपरच्या आत सावलीत. तार क्लिपेखालून घेतली तर गळती होते. होजमधल्या एखाद्या बंद निपलमधून (नळी जोडायच्या छोट्या तोंडातून) ती घ्या. दुपारी निघा. ठाणे-बेलापूर रोडवर ५०-६० च्या स्थिर वेगाने दहा मिनिटं चालवा आणि दोन्ही आकडे लिहा. मग माजिवडा किंवा कापूरबावडीच्या गर्दीत पंधरा मिनिटं रांगताना पुन्हा लिहा. चालत्या गाडीत दोन आकड्यांतला फरक ५ अंशांच्या आत असेल तर मूळ बॉक्स उत्तम काम करतोय. १० च्या वर गेला तर कुठेतरी डक्ट तुटलाय किंवा स्नॉर्कल (बॉक्सला बाहेरची हवा आणणारी नळी) गायब आहे. तीस वर्षांच्या गाडीत ही नळी मागच्या एखाद्या मेकॅनिकने काढून ठेवलेली सर्रास सापडते. गर्दीत उभं राहिल्यावर सगळ्याच इनटेकचं तापमान चढतं. तिथे बघायचं ते एवढंच, की गाडी हलल्यावर किती वेळात ते उतरतं.

अडथळ्यासाठी गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल पाइप घ्या, साधारण ३ मीटर. एका फळीवर यू आकारात बांधा, प्रत्येक बाजू किमान ६० सेंटिमीटर उंच, आणि त्यात रंगीत पाणी अर्ध्यापर्यंत भरा. एक टोक उघडं, दुसरं टोक फिल्टर आणि थ्रॉटल यांच्यामधल्या निपलला. मध्ये एक रिकामी प्लॅस्टिकची बाटली जोडा, म्हणजे पाणी ओढलं गेलंच तरी इंजिनात जाणार नाही. टर्बो गाडीत हे निपल टर्बोच्या आधी हवं. टर्बोच्या पुढे दाब असतो आणि पाणी छतापर्यंत उडेल. हे वाचन पूर्ण थ्रॉटलला, रेडलाइनजवळ घ्यायचं असतं, म्हणून ते डायनोवरच (गाडी जागेवर रोलरवर चालवून मोजणाऱ्या यंत्रावर) करा. पाम बीच मार्ग त्यासाठी नाही. दोन्ही बाजूंच्या पातळीतला एकूण फरक म्हणजे तुमचा अडथळा. १५ सेंटिमीटरच्या आसपास निघाला, तर अख्खा इनटेक बदलून दीड टक्क्याच्या वर काही हाती लागणार नाही आणि ते पैसे टायर किंवा कूलिंगवर घालणं शहाणपणाचं.

मोजण्याआधी गाडी धड असली पाहिजे. कडक झालेल्या व्हॅक्यूम नळ्या, काळी थ्रॉटल बॉडी, जुने प्लग हे आधी उरका. झेड३२ असेल तर टायमिंग बेल्ट कधी बदललाय याची खात्री झाल्याशिवाय त्या गाडीवर दुसरा कसलाही खर्च करू नये.

काय बसवायचं

पहिला पर्याय मूळ बॉक्सच, पण दुरुस्त केलेला: नवा कागदी फिल्टर, कडेचं नवं सील, शाबूत स्नॉर्कल. रोज ट्रॅफिकमध्ये चालणाऱ्या विनाटर्बो गाडीला आमचा सल्ला इथेच थांबण्याचा आहे.

दुसरा पर्याय चारी बाजूंनी आणि वरून बंद केलेला कोन, ज्याला बाहेरची हवा स्वतंत्र डक्टमधून मिळते. मेहनत यात सर्वाधिक आणि फायदाही खरा. टर्बो गाड्यांना तर विशेष, कारण टर्बोच्या आधीचा अडथळा कमी झाला की त्याला कमी दाबातून हवा खेचावी लागत नाही. पुढच्या पायऱ्या याच पर्यायासाठी आहेत.

उघडा कोन आमच्या हवामानात घेऊ नये. बंपरच्या मागे खाली उतरणारा लांब पाइप कागदावर सगळ्यात थंड हवा देतो, पण जून ते सप्टेंबर तो इंजिनाच्या जिवावर उठतो. त्याबद्दल पावसाळ्याच्या भागात.

पाइपची मापं आणि सामान

पाइप जितका जाड तितका चांगला, ही समजूत सोडा. झेड३२ चं २९६० सीसीचं व्ही६ इंजिन ६५०० आरपीएमला मिनिटाला अंदाजे ८,६५० लिटर हवा घेतं. ७६ मिमीच्या पाइपात तिचा वेग सेकंदाला ३२ मीटर होतो, ६३ मिमीत ४६. विनाटर्बो इंजिनाला ३० ते ४० च्या घरातला वेग चांगला मानवतो, म्हणून तीन लिटरला ७६ मिमी आणि दोन लिटरला ६३ ते ७० मिमी बरोबर बसतं. टर्बोवर ०.६ बार बूस्ट असेल तर हवा सुमारे दीडपटीहून थोडी अधिक लागते. तरीही ७६ मिमीत वेग पन्नासच्या आसपासच राहतो. १०० मिमीचा पाइप फक्त जागा खातो.

सामान असं लागेल:

- अॅल्युमिनियम पाइप, १.६ ते २ मिमी जाडीचा, टोकांना बीड, म्हणजे उठावदार कडं, वळवलेला. बीड नसलेल्या पाइपावरून होज हमखास निसटतो. खाडीच्या खाऱ्या हवेत लोखंडी पाइप आतून गंजतो आणि गंजाचे कण फिल्टरच्या पुढे असल्याने थेट इंजिनात जातात.
- सिलिकॉन होज, किमान तीन थरांचे. टर्बोच्या तोंडाशी तार गुंफलेलाच घ्या, नाहीतर ओढीने तो आत चिमटतो.
- एक फुगीर, म्हणजे हंप होज.
- चांगल्या दर्जाच्या होज क्लिपा. ३ ते ४ न्यूटन-मीटरपेक्षा जास्त आवळू नका. सिलिकॉन पट्टीच्या फटींतून बाहेर पिळलं जातं आणि कापलं जातं.
- १ ते १.२ मिमीचा अॅल्युमिनियम पत्रा, दरवाज्याला लावतात तशी रबरी बीडिंग, एम६ रबर बुश चार.
- कोन फिल्टर, शक्यतो कोरडा, तेल न लागणारा.
- ७५ मिमीची पीव्हीसी एंड कॅप आणि टायरचा एक ट्यूबलेस व्हॉल्व्ह, गळती तपासायला.

पाइप वाकवणं आणि टिग वेल्डिंग ठाण्यात वागळे इस्टेटला, नवी मुंबईत रबाळे, महापे किंवा तुर्भ्याच्या एमआयडीसीत होतं. वेल्डरकडे नुसतं चित्र नेऊ नका, पीव्हीसी पाइप आणि एल्बो कापून चिकटवलेला नमुना न्या. आणि वेल्डिंग झालेला पाइप आतून बोटाने तपासा. आत लोंबणारा धातूचा थेंब किंवा सुटा कण टर्बोची पाती फोडायला पुरेसा असतो. पाइप गरम पाण्याने धुऊन, फडका ओढून, कोरडा करूनच बसवा.

जुनं काढताना

इंजिन थंड, बॅटरीची निगेटिव्ह काढलेली. बहुतेक बोल्ट १० आणि १२ मिमीचे असतात. फुलीचे स्क्रू मात्र जपानी जेआयएस मापाचे आहेत. साधा फिलिप्स त्यात पूर्ण बसत नाही आणि डोकं गोल करून टाकतो. जेआयएस पेचकस घ्या, नसेल तर स्क्रूवर आधी गंज सोडवणारं तेल रात्रभर मुरू द्या.

बॉक्सच्या प्लॅस्टिक क्लिपा इतक्या वर्षांत बिस्किटासारख्या ठिसूळ होतात. हेअर ड्रायरने दोन मिनिटं कोमट करून मगच उघडा. सुटलेल्या प्रत्येक नळीला कागदी टेप लावून नाव लिहा, आणि काढण्याआधी चार बाजूंनी फोटो घ्या. मूळ बॉक्स कापायचा नाही, छिद्रं पाडायची नाहीत, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर ठेवायचा. या गाड्यांचे शाबूत एअरबॉक्स मिळणं दरवर्षी अवघड होत चाललंय आणि गाडी विकताना त्याचीच विचारणा होते.

बंद पेटी बनवणं

१. पुठ्ठ्याचा साचा आधी. फिल्टर जागेवर धरून त्याच्याभोवती सगळीकडे किमान २५ मिमी मोकळी जागा राहील असा कापा. फिल्टर पत्र्याला टेकला तर तेवढा भाग निकामी.

२. बॉनेटपर्यंतची उंची डोळ्यांनी ठरवू नका. पुठ्ठ्याच्या वरच्या कडेवर मुलांच्या क्लेचे चार-पाच गोळे ठेवा, बॉनेट हळूच लावा, उघडा आणि चेपलेल्या गोळ्यांची जाडी मोजा. पत्र्याची कड बॉनेटपासून ५ ते ८ मिमी खाली असावी आणि बीडिंग २-३ मिमी दाबली जावी. जास्त दाबली तर बॉनेट नीट लागत नाही. कमी दाबली तर गरम हवा आत येते आणि सगळी मेहनत वाया जाते. ही एकच कड नीट झाली की निम्मं काम झालं.

३. पेटी आणि रेडिएटर किंवा एक्झॉस्ट यांच्यात २० मिमी हवेची फट ठेवा. पत्रा गरम भागाला चिकटला तर तो स्वतःच तापून आतली हवा तापवतो. एक्झॉस्टच्या बाजूला बाहेरून उष्णतारोधक फॉइल लावा.

४. बाहेरची हवा आणणाऱ्या डक्टचं तोंड पाइपाच्या क्षेत्रफळाएवढं तरी हवं, दीडपट असेल तर उत्तम. तोंड रेडिएटरच्या पुढे उघडलं पाहिजे. मागे उघडलेला डक्ट पंख्याची गरम हवाच ओढतो.

५. तळाला ८ ते १० मिमीचं एक छिद्र, पाणी निथळायला.

६. पेटी बॉडीला रबर बुशवर बसवा. इंजिन आपल्या माउंटिंगवर १५-२० मिमी हलतं, बॉडी हलत नाही. दोघांना जोडणारा पाइप ताठ असेल तर काही महिन्यांत वेल्ड तडकतो किंवा मीटरचा प्लॅस्टिकचा काठ फुटतो. हंप होज याच जागी लावायचा.

जोडणी: एकही नळी उरता कामा नये

मीटर असलेल्या गाडीत नियम एकच: इंजिनात जाणारी प्रत्येक हवा मीटरमधून गेलेली असली पाहिजे. मूळ होजवर क्रँककेस ब्रीदरची (इंजिनाच्या पोटातली वाफ बाहेर काढणारी) नळी असते, आयडल कंट्रोलची असते, टर्बो गाडीत ब्लो-ऑफ व्हॉल्व्हची (टर्बोचा जादा दाब सोडणाऱ्या झडपेची) परतीची नळी असते. या सगळ्यांना नव्या पाइपावर, मीटर आणि थ्रॉटल यांच्यामध्ये (टर्बो असेल तर टर्बोच्या आधी) त्याच व्यासाचे निपल हवेत. ब्रीदरच्या टोकाला छोटा फिल्टर लावून ती नळी हवेत सोडण्याची फॅशन आहे. मीटरच्या गाडीत तेवढी न मोजलेली हवा आत जाते आणि आयडलिंगला हंटिंग (आरपीएम सतत वरखाली होणं) सुरू होतं. शिवाय बॉनेटखाली तेलाचा वास आणि चिकटा. ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह बाहेर उघडा ठेवला तर गिअर बदलताना मोजलेली हवा निघून जाते, पेट्रोल मात्र पडलेलं असतं. सायलेन्सरमधून फटाका आणि काळा धूर.

मीटरच्या आधी सरळ पाइप द्या, जमेल तितका लांब. मीटरच्या तोंडाला लागूनच ९० अंशाचं वळण आलं की तारेच्या एका बाजूला जोर आणि दुसऱ्या बाजूला भोवरा, आणि वाचन आरपीएमनुसार कधी जास्त कधी कमी. झेड३२ मध्ये एकाच मीटरनंतर हवा दोन फाट्यांत जाते, म्हणून मीटरपासून इंजिनापर्यंतचा मूळ भाग आहे तसाच ठेवून फक्त फिल्टरकडची बाजू बदलणं नवशिक्यांसाठी सुरक्षित.

जोडताना होजच्या आतल्या बाजूला तेल किंवा ग्रीस लावू नका. साबणाच्या पाण्याचं बोट फिरवा, ते वाळल्यावर पकड येते. क्लिप बीडच्या मागे बसली पाहिजे, बीडवर नाही.

गळती तपासणं

उदबत्तीचा धूर धरून गळती शोधण्याची पद्धत पेट्रोलच्या नळ्यांशेजारी अजिबात वापरू नका.

फिल्टर काढून त्या टोकाला पीव्हीसी कॅप बसवा, कॅपमध्ये टायरचा व्हॉल्व्ह. ब्रीदरची नळी इंजिनच्या बाजूने काढून पाइपाचं निपल बंद करा, नाहीतर दाब क्रँककेसमध्ये शिरून ऑइल सील बाहेर ढकलतो. सायकलच्या पंपाने फक्त ०.२ ते ०.३ बार हवा भरा. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर लावण्याचा मोह आवरा. सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी ब्रशने लावा. बुडबुडे दिसले तर क्लिप आवळण्याआधी होज काढून कड तपासा; बहुतेक वेळा होज तिरका कापलेला असतो. उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हमधून थोडी हवा सिलिंडरमध्ये जाणारच, त्यामुळे दाब हळूहळू उतरला तर घाबरायचं कारण नाही.

पहिला स्टार्ट आणि पेट्रोलचं मिश्रण

बॅटरी जोडा, एसी बंद ठेवून दहा-पंधरा मिनिटं आयडलिंगला चालू द्या, मग एसी लावून पाच मिनिटं. आयडल वरखाली होत असेल तर ईसीयू किंवा स्क्रूला हात लावू नका. आधी नळ्या मोजा, एखादी राहिलेली असते. अॅक्सिलरेटर दाबताच क्षणभर अडखळत असेल तर मीटरच्या पुढे गळती शोधा. भार घेताना टकटक ऐकू आली तर गाडी तिथेच थांबवा, पुढचा प्रयोग मिश्रण मोजल्यावरच.

यात ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलचा मुद्दा मिसळतो आणि तो गंभीर आहे. शुद्ध पेट्रोलला एका किलोमागे १४.७ किलो हवा लागते, ई२० ला सुमारे १३.५. तीस वर्षांपूर्वीचा ईसीयू पहिल्या आकड्यावर बेतलेला. त्यामुळे पूर्ण थ्रॉटलला, जिथे ऑक्सिजन सेन्सर मदत करत नाही, तिथे गाडी काहीही न बदलता सात-आठ टक्के लीन, म्हणजे पेट्रोल कमी पडून, चालते. त्यावर चुकीच्या व्यासाच्या पाइपाचे १५ टक्के चढले की इंजिन वाचत नाही. म्हणून वाइडबँड सेन्सर (एक्झॉस्टमधून मिश्रण नेमकं मोजणारा) लावल्याशिवाय हे काम पूर्ण झालं असं समजू नका. त्याचा बंग, म्हणजे एक्झॉस्टवर वेल्ड करायची आट्यांची कडी, एम१८ बाय १.५ चा असतो. कॅटच्या (एक्झॉस्टमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या) आधी बसवा, सेन्सर आडव्यापासून किमान १० अंश वर कललेला, म्हणजे त्यात पाणी साचत नाही. वाइडबँडच्या डायलवर एअर-फ्युएल रेशो न बघता लॅम्डा (१ म्हणजे नेमकं मिश्रण, त्याखाली पेट्रोल जास्त) बघा, म्हणजे पेट्रोल कुठलंही असलं तरी अर्थ बदलत नाही. पूर्ण थ्रॉटलला विनाटर्बोसाठी ०.८५ ते ०.८८, टर्बोसाठी ०.७८ ते ०.८२. त्यापेक्षा वर दिसलं तर ईसीयू ट्यून होईपर्यंत पूर्ण थ्रॉटल बंद.

मग पुन्हा तेच थर्मोकपल, तोच रस्ता, तीच दुपार. जुन्या आकड्यांशेजारी नवे लिहा. तापमान वाढलेलं असेल तर बीडिंग आणि डक्ट पुन्हा बघा. वरचेवर चूक तिथेच निघते.

पावसाळा

फिल्टरची किंवा डक्टच्या तोंडाची पातळी कंपनीच्या स्नॉर्कलपेक्षा खाली नको. कंपनीने ती उंची उगीच निवडलेली नाही. बंपरमागचा फिल्टर साचलेल्या पाण्यात बुडाला की इंजिन पाणी ओढतं, पाणी दाबलं जात नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. त्यासाठी गुडघाभर पाणी लागत नाही. शेजारून गेलेल्या बसने उसळवलेली लाट पुरते. ओल्या कापसाच्या फिल्टरमधून हवाही कमी जाते, म्हणून धो-धो पावसात गाडी अचानक दमल्यासारखी वाटली तर आधी फिल्टर बघा.

पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा सेल्फ मारू नका. टो करून न्या, सगळे प्लग काढा, इंजिन हाताने पान्याने फिरवून पाणी बाहेर येतं का बघा. पहिल्या झटक्यात वाचलेलं इंजिन बहुतेक वेळा दुसऱ्या सेल्फने मरतं.

कागदपत्रं

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार वाहनात कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाही. कलम १८२अ (४) मध्ये मालकाला अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. गाडी एमएच-०४ असो की एमएच-४३, काम सुरू करण्याआधी आपल्या आरटीओत विचारून घ्या. मूळ बॉक्स जपून ठेवण्याचं हे दुसरं कारण: एका दुपारी गाडी पूर्ववत करता आली पाहिजे. नव्या इनटेकनंतर पीयूसी लगेच करून घ्या. सीओ चढलेला निघाला तर मिश्रण बिघडल्याचा तो स्वस्तातला पुरावा आहे.

नंतरची देखभाल

नवी मुंबईत खडीचे डंपर आणि ठिकठिकाणची बांधकामं, ठाण्यात मेट्रोची कामं. कंपनीच्या मॅन्युअलमधली फिल्टरची मुदत इथे निम्मी धरा. कागदी फिल्टर पंक्चरवाल्याकडे हवा मारून साफ करण्याची सवय मोडा. जोराच्या हवेने कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात आणि त्यानंतर तो नुसता शोभेला राहतो. कापसाचा फिल्टर असेल तर धुऊन सावलीत वाळवा. पावसाळ्यात त्याला अख्खा दिवस लागतो. तेल प्रत्येक घडीवर एक बारीक रेघ, वीस मिनिटं मुरू द्या, पांढरा डाग राहिला तर तिथेच थेंबभर. जास्त झालेलं तेल हॉट वायरवर जाऊन बसतं. तार साफ करायला एअरफ्लो मीटरसाठीचाच स्प्रे वापरा. कार्बोरेटर किंवा ब्रेक क्लीनर नाही, आणि कापूस तर मुळीच नाही.

फिल्टर खरंच धूळ अडवतोय का, हे तपासायची एक सोपी युक्ती आहे. फिल्टरनंतरच्या पाइपाच्या आत, मीटर असेल तर त्याच्या बऱ्याच आधी, रुपयाएवढ्या जागेवर ग्रीसचा अगदी पातळ थर लावा. ५०० किलोमीटरनंतर तो बोटावर घेऊन चोळा. गुळगुळीत लागला तर ठीक. करकर लागली तर फिल्टर किंवा त्याची मान गळतेय, आणि तीच वाळू सिलिंडरच्या भिंतींवरही घासली जातेय. अशा वेळी क्लिप काढून फिल्टरची रबरी मान आतून पुसा, पाइपाच्या काठावर धुळीची रेघ कुठे उमटलीय ते बघा, आणि रेघ ज्या बाजूला असेल त्या बाजूचा काठ पॉलिश पेपरने सपाट करून फिल्टर पुन्हा बसवा.